बैठक थंडगार शे

यंदा आखाजीला मी माहेरी गेले नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यात दोनदा बाळंतपणामुळे आणि एकदा पेपर तपासायला बसल्यामुळे आखाजी चुकली होती, तेवढंच. यंदा तसं काही कारण नव्हतं. नंदुरबारहून ब्राह्मणपुरी लांब नाही, शहाद्याला गाडी बदलली की दुपारच्या जेवणाला माणूस घरी. अंगात ताप नव्हता, दारात पाहुणे नव्हते. राग होता, आणि न जायला तेवढं कारण पुरतं हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली, याचाही राग आहे.

कडुनिंब मोहरला की आमच्याकडे आखाजीचा वास यायला लागतो. आमच्या शाळेच्या आवारात तीन कडुनिंब आहेत. चैत्र सरता सरता त्यांचा तो कडवट गोड वास प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत येतो, आणि बाराखडीसारखी पाठ झालेली पदार्थविज्ञानाची सूत्रं फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबतो. बाकीच्या महाराष्ट्राला अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त. आमच्या खानदेशात तो लेकींचा सण. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पितरांच्या नावानं घागर भरली जाते, आणि खापरावरचे मांडे आमरसात बुडवून खाल्ले जातात. माहेरी आलेल्या लेकीनं इकडची काडी तिकडे करायची नाही, असा रिवाज आहे. मग काम कोण करतं, हे कुणी विचारत नाही. काम घरची सून करते. तीही कुणाची तरी लेक असते. पण नणंदा घरी आल्यावर तिनं स्वतःच्या माहेरी कसं जायचं? माझ्या वहिनीचं माहेर तळोद्याकडे. दर चैत्रात तिच्या भावाचा फोन यायचा, आणि दर चैत्रात ती म्हणायची, “आते नही भाऊ, नणदा येणार शेतस.” हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, आणि ऐकून झोक्यावर जाऊन बसलेली आहे.

मांडे कसे करतात ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चुलीवर मोठं मातीचं खापर पालथं घालतात. खाली लाकडं रसरसून पेटलेली लागतात. पुरण भरलेला सैल उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरायचा, आरपार दिसेल इतका, आणि झटकन खापरावर टाकायचा. पंखा लावायचा नाही. वारा लागला की जाळ हलतो, खापर एका अंगानं थंड होतं आणि हातावरचा मांडा सुकून फाटतो. म्हणजे वैशाखाच्या भर उन्हात, पंखा बंद करून, पेटत्या चुलीपुढे तीन-तीन तास. आमचं माहेरचं घर काही जुनं नाही, दहा-बारा वर्षांपूर्वी बांधलेलं स्लॅबचं आहे. पुढे मोठी बैठक, मग खोल्या, सगळ्यात मागे स्वयंपाकघर. त्याच्याही मागे एक दार, ते मोरीकडे आणि वहिनीच्या आळूच्या वाफ्याकडे उघडतं. कंपाऊंडची भिंत घराच्या मागून दोन्ही बाजूंनी येऊन पुढच्या कोपऱ्यांना भिडलेली असल्यानं त्या अंगणात जायचा दुसरा रस्ता नाही.

निखिल हा वहिनीचा मुलगा. सुरतेला नोकरी करतो, इमारती थंड आणि गरम ठेवण्याच्या कामात आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता त्यानं घरी येऊन जाहीर केलं, की आता आपल्या घराला एसी लागणार नाही, जमीनच घर थंड करेल. आम्ही हसलो. वहिनी हसली नाही. ती म्हणाली, “खरं शे. बोरनं पाणी हिवायामा कोमट ऱ्हास अन उन्हायामा थंड. जमीन खाले बदलत नही.” निखिल म्हणाला, “तेच, आई.” आणि पुढचं तो वडिलांकडे वळून बोलला.

योजना मला आवडली. खरंच आवडली, आणि आजही मी तिच्या विरोधात नाही. घराच्या तिन्ही बाजूंनी पुरुषभर खोल चर खणायचे. त्यात काळा पाइप वेटोळी घालून पुरायचा, पाइपात पाणी सतत फिरतं ठेवायचं. जुन्या गोठ्यात, जिथे ट्रॅक्टर येण्याआधी बैल बांधत, तिथे हीट पंप नावाचं यंत्र. उन्हाळ्यात ते यंत्र खोल्यांतली उष्णता ओढून पाइपातल्या पाण्याला देतं, पाणी ती जमिनीत सोडून येतं. थंडीत उलटं, जमिनीतली ऊब घरात. स्लॅबवर सौर पॅनल बसवायचे. ऊन जेवढं कडक तेवढी वीज जास्त, आणि गारव्याची गरजही तेव्हाच. मी नववीच्या मुलांना उष्णतेचं वहन शिकवते, मला तर हे धड्यातलं चित्र अंगणात उतरल्यासारखं वाटलं. दादालाही पटलं. आमचा दादा, म्हणजे निखिलचा बाप, केळी आणि पपईवाला शेतकरी, ठिबकच्या नळ्यांत त्याचं निम्मं आयुष्य गेलंय. जमिनीत पाइप पुरायचा म्हटल्यावर त्यानं कंपाऊंडची भिंत पाडून जेसीबी आत घेतला, स्वतः डोक्यावर उभा राहिला आणि मग भिंत पुन्हा बांधली.

खोल्यांत गारवा सोडणारी तोंडं चार बसवायची ठरली. एक बैठकीत, एक दादा-वहिनीच्या खोलीत, एक निखिलच्या खोलीत, एक मधल्या दालनात, जिथे टीव्ही आहे. पाचव्याचा विषय मीच काढला होता, तेवढं श्रेय मला द्या. मी म्हटलं, “आणि स्वयंपाकघरात?” निखिल म्हणाला, “आत्या, चुलीचा लोड मोठा असतो. त्यानं मशीनचं साइझिंगच बदलेल, मोठं घ्यावं लागेल. शिवाय पंखासुद्धा बंद ठेवता ना तुम्ही?” मी म्हटलं, वाऱ्याशिवायही करता येईल, भिंतीतून नळ्या फिरव. तो म्हणाला, येईल, पण दुसऱ्या टप्प्यात बघू. दादा म्हणाला, “चूल शे ना तठे. चूलजोडे थंडं काय करशी?” सगळे हसले. वहिनी चहाचे कप उचलत होती.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण चारच महिन्यांनी ते उलटं ऐकू आलं. पौषात तापीकाठी थंडी पडते, सकाळी केळीच्या पानांवरून दव टपटप गळतं आणि लोक घोंगडी पांघरून शेतात जातात. यंत्रानं बैठक अशी उबदार केली की गावातली माणसं सकाळी चहाला म्हणून येत आणि दहापर्यंत उठत नसत. स्वयंपाकघराची फरशी बर्फासारखी. मी तेव्हा सुट्टीत गेले होते. म्हटलं, दादा, वहिनीला पहाटे पाचला उठून त्या फरशीवर उभं राहावं लागतं. तो शांतपणे म्हणाला, “चूल शे ना तठे.” उन्हाळ्यात चूल आहे म्हणून गारवा नको, हिवाळ्यात चूल आहे म्हणून ऊब नको. आयुष्यभर शास्त्र शिकवूनही मला असं एकही यंत्र माहीत नाही, जे दोन्ही ऋतूंत एकाच बाईच्या विरुद्ध इतकं बिनचूक चालतं.

तरी मी गप्प बसले. का, ते सांगते. बैठक खरंच उबदार होती आणि मी तिथे बसले होते.

मग गेल्या वर्षीचा चैत्र आला. आमची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वैशाखात तिला अशा भेगा पडतात की लहान मुलाचा हात कोपरापर्यंत आत जावा. हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. दादाला तर हातावरच्या रेषांसारखं ठाऊक आहे. विहिरीचं काम असतं, केळीची लागण असती, तर त्यानं पहिला प्रश्न भेगांचा विचारला असता. पण हे होतं ‘टेक्निकल’ काम. पोरगं सुरतेहून लॅपटॉप घेऊन आलेलं. त्याच्यापुढे काळ्या मातीच्या भेगांबद्दल काय बोलायचं, म्हणून गप्प. आणि निखिल? तो याच मातीत रांगलाय, पण त्याच्या हिशेबात माती म्हणजे माती, कुठलीही. शिकलेल्या मुलापुढे बापानं आपलं शहाणपण गुंडाळून ठेवायचं आणि मुलानं ते कधी मागायचं नाही, ही चूक आमच्याच घरांत होते.

चरांवरची माती तडकली. भेगा खोल गेल्या, थेट पाइपापर्यंत. मातीनं पाइपाला सोडलं की मधे हवा शिरते, आणि हवेतून उष्णता जाता जात नाही. पाणी जसं गरम जायचं तसंच गरम परत यायचं. यंत्र धापा टाकून बंद पडायचं. निखिल आला, दोन दिवस गोठ्यात तापमापक लावत बसला. चार चरांत पाइपाचे चार फेरे होते, एकेका चरात एक. तीन फेऱ्यांचं पाणी तापून येत होतं, चौथ्याचं मात्र थंड. सगळी गडीमाणसं त्या चौथ्या नळीवर हात ठेवून बघायची आणि डोकं खाजवायची.

मी आखाजीसाठी दहा दिवस आधी आलेली होते. बैठकीत डोकं खाजवण्याचा कार्यक्रम चालू असताना पाणी प्यायला म्हणून आत गेले. वहिनी ओट्याशी कैऱ्या चिरत होती. मी तिला सहज सांगितलं, की तीन नळ्या तापतात आणि एक थंड राहते, कुणालाच समजत नाही. ती मान वर न करता म्हणाली, “चौथी मन्हा आळूखालतीन जास. कायी माटी उन्हायामा फाटस. फाटनी का पाइपले सोडी देस. आळूले मी रोज भांडासनं पाणी टाकस. तठे ओल शे, तठे माटी नही फाटत.” आणि वर, “कैरी खाशी का?”

एवढंच. एक वाक्य जास्त नाही. मी कैरीची फोड तोंडात टाकली आणि बैठकीत गेले. आणि तिथे उभं राहून मी, पदार्थविज्ञानाची शिक्षिका, मातीतल्या ओलाव्यामुळे वहन कसं वाढतं आणि हवेच्या पोकळीमुळे कसं खुंटतं, यावर पाच मिनिटं छान बोलले. चर ओले ठेवा, म्हटलं. निखिल उडालाच. “आत्या, करेक्ट!” दादा पाहुण्यांना म्हणाला, “मन्ही बहीण शे. मास्तरीन शे ती.” कुणीतरी म्हणालं, डोकं लागतं. मी हसले. मी वहिनीचं नाव घेतलं नाही. ठरवून नाही, विसरून नाही. घ्यायचं सुचलंच नाही. स्वयंपाकघरातून आलेलं बोलणं बैठकीत पोचेपर्यंत माझं झालं होतं. वहिनी तेव्हा कैरीचं पन्हं घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि ग्लास वाटले.

तेव्हापासून मी ज्या माणसावर सगळ्यात जास्त चिडलेली आहे तो माणूस दादा नाही.

आता चर ओले कोण ठेवणार? बोअरचं पाणी वैशाखात केळीलाच पुरत नाही, ते मातीवर ओतायला दादाचा जीव होईना. “घरनं सांडपाणी सोडी द्या,” तो म्हणाला, आणि पत्त्यांची कॅट पिसायला घेतली. त्याच्या दृष्टीनं विषय मिटला. सोडून द्या म्हणजे कुणी, कसं, हे त्यानं विचारलं नाही, नंतर कधी बघितलंही नाही. वहिनीनं मागच्या अंगणात भांडी घासायची जागा बदलली, कपडे धुवायचा दगड हलवला, आंघोळीचं पाणी मोरीतून बाहेर काढलं. मागच्या दारापासून घराला वळसा घालत उरलेल्या तिन्ही चरांवर बारीक सऱ्या पाडल्या. रोज संध्याकाळी ती हातात पावडी घेऊन, म्हणजे आमच्याकडचं ते छोटं फावडं, पाण्याला वाट करून द्यायची. आज हा चर, उद्या तो. शेतात पिकाला पाणी धरतात तसं. आठ दिवसांत माती मिटली, पाइपाला चिकटली, यंत्र घुमायला लागलं. निखिल सुरतेला परत गेला. बैठक अशी झाली की बाहेरून येणारा माणूस उंबऱ्यातच “आहाहा” म्हणायचा.

आमच्याकडे आखाजीला पुरुष पत्ते खेळतात. तोही रिवाज. त्या दिवशी सकाळपासून बैठकीत तीन डाव बसलेले. बाहेर झळा उठत होत्या, कुत्री पाण्याच्या हौदाखाली जीभ काढून पडलेली. मी आणि माझी धाकटी बहीण दिवाणावर. ती भरूचहून आलेली. आम्ही शाल घेतली होती. होय, वैशाखात शाल. आतून हाक यायची नाही, मधूनमधून फक्त खापरावर मांडा पडल्याचा आवाज यायचा, आणि ताटात दुमडून ठेवलेले पिवळे मऊ मांडे यायचे. मी एकदा उठून आत गेले. आत पाऊल टाकलं आणि डोळेच मिटले. वहिनीचं पातळ अंगाला चिकटलेलं, कोपरापर्यंत पीठ, चेहरा तांब्यासारखा. म्हटलं, “वहिनी, काही मदत करू?” ती म्हणाली, “नको माय. तू बैठकमा बस. थंडगार शे.” आणि मी जाऊन बसले.

थोड्या वेळानं मांड्याचा आवाज थांबला. कुणाच्या लक्षात आलं नाही. एक डाव संपून दुसरा पिसून झाला. मग करपल्याचा वास आला. धाकटी आत धावली आणि तिची किंकाळी ऐकू आली.

वहिनी चुलीशेजारी आडवी पडली होती. एक हात खापराच्या इतका जवळ, की बोटभर पुढे असता तर काय झालं असतं याचा विचार मी अजून पुरा करू शकत नाही. तिला उचलून बैठकीत आणलं. गड्यांनी पत्ते गोळा केले, दिवाण मोकळा झाला. त्या दिवाणावर ती त्याआधी कधी आडवी झाली नव्हती, मी आठवून बघितलं. तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजलं. दादा पायाशी उभा, हात लटकत. त्याला काय करावं ते कळत नव्हतं, खोटं कशाला सांगू, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. छताकडे बघितलं, गार हवा येणाऱ्या जाळीकडे बघितलं. मी वाकले. ती अगदी हळू म्हणाली, “थंड लागस हो आठे.” मग थोडं थांबून, “मन्हं पाणी पावनं.”

माझं पाणी पोचलं. दुसऱ्या कुणाला ते ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी अर्थ लागला नसता.

शहाद्याच्या डॉक्टरांनी सलाइन लावली, रक्तदाब मोजला आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं, की या वयात हे पुन्हा झालं तर जिवावर बेतेल. चुलीपुढे उन्हाळ्यात बसवू नका. दादानं तिथेच, दवाखान्याच्या ओट्यावर, मला शब्द दिला. “पुढली आखाजीना आगुदर सयपाकघरमा पाइप. तुन्ही आण.” पुढच्या आखाजीच्या आत, म्हणून शपथेसारखा त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो. संध्याकाळी घरी आलो तर वहिनी मागच्या दारानं बाहेर निघाली. मी म्हटलं, कुठे चाललीस? ती पावडी उचलत म्हणाली, “आज तिसरा चर शे.” मी तिच्या हातातून पावडी घेतली नाही. घ्यायला हवी होती. मी नुसती दारात उभी राहून बघत राहिले, पाणी कसं एका सरीतून दुसऱ्या सरीत वळतं ते.

पाऊस आला आणि गेला. पाऊसकाळात माती आपोआप ओली असते, यंत्र खूष, सगळे खूष. हिवाळा झाला. मी फोनवर विचारायचे, पाइप गेला का? दादा म्हणायचा, निखिल येऊ दे. निखिल म्हणायचा, दिवाळीत. दिवाळीत म्हणाला, होळीत. होळीला तो मित्रांना घेऊन परस्पर सातपुड्यातल्या काठी गावाला गेला, तिथली राजवाडी होळी बघायला, आणि घरी एक रात्र राहिला. माझी चिडचिड वाढत गेली तशी मीच फोन कमी केले. रोज भांडायचं तर रोज हिंमत लागते, तेवढी माझ्यात नव्हती.

मग चैत्रात, कडुनिंब भरात असताना, दादाचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. “ताई, आखाजीले लवकर ये. पाचवं तोंड बसाडं.” मी म्हटलं, “बसवलं? कसं आहे? वहिनीला बरं वाटलं?” तो म्हणाला, “तिले कसानं? तुमनी खोलीमा बसाडं. तुम्ही दोन्ही बहिनी येतस, पाव्हण्यासनी खोली तपस. आते दखशी ते दखतच ऱ्हाशी.”

पाहुण्यांची खोली. वर्षातले आठ-दहा दिवस वापरात असलेली. आमच्यासाठी, लेकींसाठी. त्यात प्रेम होतं, आणि म्हणूनच मला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. वाईट वागणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हा माणूस आपल्या बहिणींचे लाड करत होता, डॉक्टरांनी जिवावर बेतेल म्हणून सांगितलेल्या बायकोच्या वाट्याचा गारवा उचलून. मी विचारलं, “आणि तू मला दिलेला शब्द?” तो मग म्हणाला, “अवं, चूल शे ना तठे.”

मी वहिनीला फोन लावला. म्हटलं, “वहिनी, यंदा चूलजोडे बसू नको. डॉक्टरनी सांगं शे.” पलीकडे भांड्यांचा आवाज. ती म्हणाली, “मग कोन बसीन?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. मी उत्तर शोधू लागले. धाकटी? तिला मांडा येत नाही. मी? मला येत नाही. एकतीस वर्षं मी ते मांडे खाल्ले, आईच्या हातचे, मग वहिनीच्या हातचे. लेकीनं शिकायचं कशाला, लेक माहेरी आराम करायला येते. माझ्या दोन्ही हातांवर एकदाही ते सैल पीठ पसरलेलं नाही. मी पदराला डोळे पुसले. शेवटी तीच म्हणाली, “ऊन भलतं शे माय. सांभाळी ऱ्हाय.”

त्या दिवशी धाकटीशी बोलले, आणि दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. सांगितलं, आम्ही दोघी यंदा येणार नाही. पाइप स्वयंपाकघरात जाईपर्यंत पुढेही नाही. वहिनीला तिच्या माहेरी पाठव, तिचा भाऊ कधीपासून बोलावतोय, पंधरा दिवस तरी राहू दे. लेकी आल्या नाहीत तर गाव काय म्हणेल, हे त्याला पहिल्यांदा आठवलं. मग त्याला मी रागावले आहे हे समजलं, मग तो रागावला. आणि मग त्यानं विचारलं, “पन मग मांडा कोन करीन?”

दोघांचा प्रश्न एकच. तिनं विचारला तेव्हा मला रडू आलं होतं. त्यानं विचारला तेव्हा मी फोन ठेवला.

वहिनी तळोद्याला गेली. जाताना तिच्या भावाची गाडी आली होती, तिनं घरातून निघताना आळूला पाणी घातलं, असं शेजारच्या काकूंनी मला सांगितलं. आखाजीच्या सकाळी तिचा फोन आला, मागे झोक्याचा करकरणारा आवाज येत होता. साठीला टेकलेली बाई झोक्यावर बसून मला विचारत होती, “तू काय खादं?” मी म्हटलं, वरणभात. ती खूप हसली. मी इतकी वर्षं तिला इतकं हसताना ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी माझा राग जायला हवा होता. गेला नाही. नंदुरबारच्या माझ्या घरात, छतावरच्या पंख्याखाली, मी घामानं निथळत बसले होते आणि मला त्या यंत्राबद्दल वाटत होतं, की बिचाऱ्यानं काही वाकडं केलेलं नाही. जमीन तर कुणाचा चेहरा बघून गारवा देत नाही. पाइप कुठे वळवायचा ते माणसं ठरवतात. उद्या गावोगावी ही यंत्रं येतील, यायला हवीत, आमच्या उन्हाला दुसरा उपाय नाही. पण कागदावर घराचा नकाशा काढताना पेन्सिल बैठकीपासून सुरू होते आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन मोडते. माझ्या हातात पेन्सिल दिली असती तरी मी वेगळं काय काढलं असतं, मला खात्री नाही.

काल दुपारी दादाचा फोन आला. आखाजी होऊन नऊ दिवस झालेत. आधी इकडचं तिकडचं बोलला. जेवायला काकूंकडून डबा येतो, म्हणाला. मग खरं कारण आलं. “ताई, बैठक तपी ऱ्हायनी. परवापासून मशीन बंद पडस. निखिल म्हनस सुटी नही. तू सायन्सवाली शे, दख ना काय बिघडनं ते.”

मी म्हटलं, “मशीन चांगलं शे, दादा. वहिनी घर नही.”

त्याला समजलं नाही. मग मी सांगितलं. सगळं, सावकाश, वर्गात सांगते तसं. भांडी कुठे घासली जातात, आंघोळीचं पाणी कुठून निघतं, सऱ्या कुणी पाडल्या, रोज संध्याकाळी कुणाच्या हातात काय असतं. गेल्या वर्षी बैठकीत उभी राहून मी जे बोलले आणि ज्यावर तू माझी पाठ थोपटलीस, तो शब्दन् शब्द वहिनीचा होता, हेही सांगितलं.  तिच्या खरकट्या पाण्यावर तुझे पत्त्याचे डाव थंड होतात आणि ती त्याच घरात चुलीपुढे पडते, एवढं म्हणून थांबले.

 बैठकीतलं घड्याळ मला फोनमधून ऐकू येत होतं. मग त्यानं विचारलं, “पावडी कोठे ठेवस ती?”

“मांगला दारजोडे,” मी म्हटलं. “पन तठे जावाकरता सयपाकघरमाईन जानं पडीन, दादा.”